भोंगा बसवलेली अँबॅसिडर

माधवनगरात सकाळचे सहा पन्नास झाले आहेत की नाहीत, हे ठरवायचं काम एकतीस वर्षं चांदसाहेबांकडे होतं. सूर्याला त्यात कुणी विचारत नसे. कापडगिरणीच्या बॉयलरपाशी चांदसाहेब उभे राहत, साखळीला हात घालत, सावकाश ओढत, आणि भोंगा होई. लगेच गाव चहाचा शेवटचा घोट घेई, डबे उचलले जात, पार बुधगावपर्यंतच्या बायका तव्यावरची भाकरी उलटत. एखाद्याचं घड्याळ भोंग्याशी जुळलं नाही, तर तो माणूस निमूटपणे घड्याळ दुरुस्तीला टाकी.

गिरणी बंद पडून आता तीन वर्षं झाली होती. चांदसाहेबांनी बुधगावच्या रस्त्याला पत्र्याचं शेड उभं केलं होतं आणि 'येथे सायलेन्सर वेल्डिंग करून मिळेल' अशी पाटी लावली होती. जन्मभर भोंगा वाजवलेल्या माणसानं गाड्यांना गप्प बसवायचा धंदा काढावा, याची लोकांना गंमत वाटे. चांदसाहेबांना वाटत नसे. त्यांच्या मते दोन्ही कामं एकच होती. नळीतून वाफ जाते नाहीतर धूर जातो. त्याला कुठं वाट द्यायची आणि कुठं अडवायचं, एवढंच.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते हाताला लागेल त्या नळीच्या तोंडावर ओठ टेकवून हळूच फुंकर घालत आणि डोळे मिटून ऐकत बसत. नळी 'हू' म्हणे. चांदसाहेब मान हलवत. ही नव्हे. मग दुसरी नळी.

मदिनाबी, त्यांची बायको, जेवणाचा डबा घेऊन यायची आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "अजी, सायलेन्सर है के घरवाली? दिनभर उसकेच मूँ को मूँ!"

यावर चांदसाहेब डबा उघडत. एकतीस वर्षं बॉयलरजवळ काढलेल्या माणसाला उत्तर न देण्याची सवय असते.

१९९६ च्या मे महिन्यात कवलापूरचा आकाराम आपली अँबॅसिडर घेऊन आला. कवलापूर ते सांगली वडाप करायचा तो. म्हणजे ड्रायव्हर धरून पाच जणांच्या टॅक्सीत अकरा माणसं घालायची, आणि बारावं दिसलं की "या की, जागा हाय" म्हणायचं. गाडीचा सायलेन्सर मधोमध फाटला होता.

"नुसता जोडू नगा, चाचा," आकाराम म्हणाला. "आवाज काढून द्या. माजी गाडी कवा येती आन् कवा जाती कुणाला पत्ताच लागत न्हाई. लोकं घरात बसत्यात, येस्टी आली की बाहेर पळत्यात. मी म्होरं निघून गेलेला आसतो."

"कसला आवाज पायजे?"

आकारामनं बराच विचार केला. विचार करण्याची त्याला सवय नसल्यामुळे तो करताना त्याचं तोंड उघडं राही. शेवटी म्हणाला, "वळखीचा."

हा शब्द चांदसाहेबांच्या डोक्यात शिरला आणि तिथंच राहायला आला.

तीन दिवस गाडी शेडमध्ये उभी होती. चांदसाहेबांनी जुन्या सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून टाकल्या. जाडजूड पत्र्याला ओठासारखी बारीक फट पाडली आणि तो पत्रा नळीच्या तोंडाशी बसवला. साखर कारखान्याच्या मोडीतलं एक पितळी नरसाळं कराडच्या जुन्या बाजारात मिळालं होतं, ते पुढं उलटं जोडलं. आवाज आला, पण अशक्त आला; दोन महिने अंथरुणावर पडलेल्या माणसासारखा. इंजिनाला एवढ्याशा फटीतून श्वास सोडायचा होता, ते तरी काय करणार? मग चांदसाहेबांनी कार्बोरेटरचा मिक्श्चरचा स्क्रू थोडा सैल केला. पेट्रोल जास्त जाऊ लागलं, धूर जाड झाला. जाड धुराचा आवाज गोल येतो. आणखी अर्धा आटा. आणखी पाव.

आणि तिसऱ्या दिवशी दुपारी भोंगा आला.

पोटातून उठणारा, छातीत भरत जाणारा, वर जाऊन थोडा थांबणारा आणि मग लांब, फार लांब विरत जाणारा तो आवाज. चांदसाहेबांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. समोरच्या रस्त्यावरून सायकलीवर चाललेला एक माणूस खाली उतरला आणि कुठं जायचं होतं ते विसरल्यासारखा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पन्नासला आकारामची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गिरणीसमोरचा चढ चढली.

नंतर लोकांना विचारलं तर जो तो सांगे की मी झोपेत होतो. पण झोपेत माणूस केस विंचरत नाही. सिद्धू जॉबर, म्हणजे मागांवरच्या कामगारांचा मुकादम, स्वच्छ शर्ट घालून, डबा घेऊन गिरणीच्या गेटपाशी पोचला तेव्हा तिथं आधीच साठ-सत्तर माणसं उभी होती. कुणाच्या हातात डबा होता, कुणाच्या हातात छत्री. एकाची चप्पल एका पायात होती. गेटचं कुलूप गंजून दाराशी एकजीव झालं होतं. आत पिंपळाची रोपं भिंतीतून वर आली होती आणि त्यांच्या पानांवरून ऊन खाली सांडत होतं. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असल्यासारखं सगळ्यांना वाटलं, आणि दोन-तीन जणांनी सवयीनं नाक पुसलं. पाच मिनिटांनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"काय रं, तू का आलायस?" सिद्धूनं शेजाऱ्याला विचारलं.

"तू का आलायस?"

"मी आपला... फिरायला."

"डबा घेऊन?"

दुसऱ्या दिवशी दीडशे माणसं आली. आता कुणी फिरायला आलो म्हणत नव्हतं. तीन वर्षं दहा वाजेपर्यंत अंथरुणात लोळणारे लोक सहाला आंघोळी करू लागले. गेटपाशी जमायचं, पंधरा मिनिटं तब्येतीच्या आणि पावसाच्या गोष्टी करायच्या, डबा तिथंच खायचा आणि घरी जायचं. बायकांनाही बरं वाटलं. पुरुष घराबाहेर होते, तेवढा वेळ का होईना. आकारामच्या गाडीत तर माणूस मावेना. चांदसाहेब शेडच्या दारात उभे राहून भोंगा जाताना ऐकत आणि आवाज विरला की खुर्चीत बसत. दिवसाला आता सुरुवात असे, त्यामुळे त्याला दुपार आणि संध्याकाळही येऊ लागली होती.

अडचण एवढीच होती की गाडी पेट्रोल पीत नव्हती, पेट्रोलनं आंघोळ करत होती.

"लिटरला धा जात हुती, चाचा," आकाराम म्हणाला. "आता सा. चढाला तर काटा डोळ्यानं खाली जाताना दिसतोय. आन् आक्काताईचं पांढरं लुगडं मागनं काळं झालं. तिला वाटलं मीच काय तरी केलं."

"इंजान दमतंय," चांदसाहेब म्हणाले. "बारक्या फटीतनं समदा धूर भाईर ढकलायचा, म्हंजी जोर लागणारच. आन् जोराला पेट्रोल लागणारच."

"मग फट मोठी करा की."

"आवाज जाईल."

गाडी आकारामची होती, पण आवाज आता त्याचा राहिला नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

आठवड्याभरात आरटीओच्या फिरत्या पथकानं त्याला सांगलीच्या वेशीवर अडवलं. गाडीमागचा रस्ता दिसत नव्हता म्हणे. साहेबानं कागद मागितले. पीयूसी नव्हतं. साहेब म्हणाला, आठ दिवसांत धूर तपासून पीयूसीचा कागद दाखव, नाहीतर परमिट काढून घेतो. आकाराम तडक शेडवर आला, आणि संध्याकाळी दोघं गाडी घेऊन सांगलीला, जालिंदर हवालदाराच्या 'धम्मपाल पीयूसी सेंटर'वर गेले.

जालिंदर पलटणीत गाड्यांच्या वर्कशॉपला होता. रिटायर होऊन आल्यावर त्यानं धूर मोजायचं यंत्र घेतलं होतं आणि त्या यंत्रासमोर तो अजून सावधानमध्ये उभा राहत असे. त्यानं यंत्राची नळी नरसाळ्यात घातली. आकडे चढत गेले आणि सहा पॉइंट आठवर थांबले.

"तीनच्या आत पायजे," जालिंदर म्हणाला. "ही गाडी हाय का साखर कारखाना?"

"गाळप जोरात हाय," आकाराम पडेल आवाजात म्हणाला.

चांदसाहेब यंत्राच्या नळीकडे बघत होते. रात्रभर ती नळी त्यांच्या डोळ्यांसमोर राहिली, आणि सकाळी त्यांना मार्ग सापडला. सायलेन्सरच्या नळीला, शेवटापासून वीतभर अलीकडे, त्यांनी एक नीटस भोक पाडलं आणि त्याला मापाचं लाकडी बूच करून खिशात घातलं. भोक उघडं ठेवलं की बाहेरची हवा आत ओढली जायची. तपासणी झाली की बूच ठोकायचं. काम संपलं.

तिसऱ्या दिवशी जालिंदरनं पुन्हा नळी घातली. शून्य पॉइंट चार.

जालिंदरनं आकड्याकडे बघितलं, मग चांदसाहेबांकडे बघितलं. मग नळी गाडीतून काढून आपल्या कॅबिनमध्ये हवेत धरली. शून्य पॉइंट पाच.

"वा," तो म्हणाला. "उद्यापास्नं मी गाडीमागं झोपतो. कॅबिनपेक्षा तिथली हवा चांगली."

तो खाली वाकला. भोक त्याला लगेच दिसलं. पलटणीत त्यानं यापेक्षा हुशार भोकं बघितली होती. ओलं फडकं अंगठ्याला गुंडाळून त्यानं ते दाबून धरलं आणि आकारामला म्हणाला, "रेस कर." आकडे सरसर चढायला लागले. आणि भोक बंद झाल्याबरोबर भोंगा सुरू झाला.

जालिंदरचा अंगठा तिथंच राहिला. फडक्यातून वाफ निघत होती. त्याचं तोंड हळूहळू दहा वर्षांच्या मुलासारखं झालं. त्याचा बाप माधवनगरच्या गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायला होता. भोंगा झाला की आई त्याला हलवून उठवायची आणि बापाच्या हातात डबा द्यायला पुढं पाठवायची. सांगलीच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर जालिंदर हवालदार पहाटेच्या दवात अनवाणी उभा होता, आणि कोपऱ्यावरचा फळवाला त्याला दिसतही नव्हता.

आवाज विरला. जालिंदरनं अंगठा काढून तोंडात घातला. भाजला होता.

"आवाज पास," तो म्हणाला. "धूर नापास."

"हवालदार..." चांदसाहेबांनी सुरुवात केली.

"भोक पाडून धूर कमी व्हत न्हाई, चांदभाई. त्यात हवा मिसळती, म्हणून मशीनला पातळ दिसतो. दुधात पाणी घातलं म्हणून म्हैस वाळती का?" त्यानं पीयूसीचं पुस्तक मिटून खणात ठेवलं. "मला बी भोंगा पायजे. पण खाली सही माजी हाय. आठ दिवसांतलं पाच राहिल्यात. हिकडं परत इताना ह्ये भोक घिऊन येऊ नगा."

पुढचे चार दिवस चांदसाहेबांनी इमानदारीनं घालवले. भोक वेल्ड करून बुजवलं, फट कानस घालून मोठी केली, मिक्श्चरचा स्क्रू आवळला. रोज संध्याकाळी जालिंदर यंत्र लावून आकडा सांगे. चार पॉइंट नऊला भोंग्याचा घसा बसला. तीन पॉइंट सहाला तो वासरासारखा ओरडू लागला, आणि सकाळी गेटपाशी जमलेली माणसं "बॉयलरला काय झालंय रं?" असं एकमेकांना विचारू लागली. दोन पॉइंट नऊला गाडी लिटरला साडेनऊ जाऊ लागली आणि आवाज अजिबात राहिला नाही. चांदसाहेबांनी फट ठोकून पुन्हा बारीक केली आणि स्क्रू सैल करून पहिल्या जागी आणला. चार दिवसांत त्यांना कळलं ते एवढंच की भोंगा आणि तीन टक्के एका नळीत राहत नाहीत.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी सिद्धू जॉबरला शेडवर बोलावून सगळं सांगितलं. उद्यापासून भोंगा नाही. नाहीतर आकारामची गाडी जाईल.

त्यांना वाटलं, सिद्धू भांडेल. सिद्धू तंबाखू मळत राहिला.

"बंद कर की," तो म्हणाला. "पर सुटीचा दिऊन बंद कर."

"सुटीचा?"

"चांद्या, लेका, त्या शेवटच्या दिशी सकाळचा भोंगा दिलास. आमी आत गेलो. दुपारी बॉयलर इझवला. साडेतीनला सुटीचा भोंगा व्हायला पायजे का नगं? झाला न्हाई. आमी मागांपाशी बसून ऱ्हायलो. पाच वाजलं, सा वाजलं. मग एकेक जण खाली मान घालून गेला. कुणी सांगितलं न्हाई का गिरणी बंद झाली, कुणी सांगितलं न्हाई का सुटी झाली." त्यानं तंबाखू ओठात ठेवली. "तीन वरसं मी डूटीवर हाय. दुपारी जरा आडवा झालो तरी चोरी केल्यागत वाटतंय."

गिरणीच्या त्या शेवटच्या दिवशी साडेतीनला चांदसाहेब बॉयलरपाशीच होते. वाफेचा काटा शून्यावर होता. तरी त्यांनी साखळी ओढली होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी. हे त्यांनी मदिनाबीलाही सांगितलं नव्हतं.

"साडेतीनला गेटवर ये," ते म्हणाले. "समद्यास्नी सांग."

मे महिन्याच्या त्या दुपारी माधवनगरचा रस्ता पांढरा पडला होता. गेटसमोरच्या सावलीत माणसं उभी होती, बायका होत्या, जालिंदर हवालदार सायकल मारत सांगलीहून आला होता. ऊन इतकं स्थिर होतं की गिरणीची चिमणी त्यात तरंगत असल्यासारखी दिसे. आकारामनं गाडी गेटला पाठ करून उभी केली. चांदसाहेब गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. ओढायला साखळी नव्हती, म्हणून त्यांनी नुसता हात वर केला आणि सावकाश खाली आणला.

आकारामनं पाय दाबला.

सकाळचा भोंगा आखूड असतो, सुटीचा लांब. तो गिरणीच्या भिंतींवरून आत गेला, रिकाम्या खात्यांमधून फिरला आणि जरा उशिरानं, जरा मऊ होऊन परत आला. कुणीतरी आतून उत्तर दिल्यासारखं. काळा धूर पितळेतून निघून पिंपळाच्या रोपांवरून हळू पसरत गेला आणि त्यामागं चिमणी दिसेनाशी झाली. धूर कुठल्या चिमणीतून निघतोय, हे काही क्षण कुणालाच सांगता आलं नसतं. आकारामनं काट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. तेवढ्या पेट्रोलात सांगलीला जाऊन आलं असतं. त्यानं पाय उचलला नाही. चांदसाहेबांचा हात पुन्हा वर जाईपर्यंत त्यानं पाय उचलला नाही.

मग शांत झालं. सिद्धू जॉबरनं मान हलवली, खांद्यावरचा टॉवेल झटकला, आणि "चला" म्हणून घराकडे निघाला. त्याच्या मागोमाग बाकीचे. कुणी घोळका करून थांबलं नाही. सुटी झाल्यावर गेटपाशी कोण थांबतं?

चांदसाहेबांनी तिथंच, रस्त्यात, फडकं अंथरलं आणि गाडीखाली शिरले. पितळी नरसाळं, फटीचा पत्रा, भोक बुजवलेली नळी, सगळं उतरवून साधा सायलेन्सर चढवला. स्क्रू आवळला. पाच वाजता सांगलीत जालिंदरनं यंत्राची नळी घातली. दोन पॉइंट तीन. त्यानं कागद लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि शिक्क्यावर फुंकर घातली.

"पास," तो म्हणाला, आणि दुसरीकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामनं चांदसाहेबांना शेडवरून पुढच्या सीटवर घेतलं. कुठं खडखड येते का तेवढं ऐका म्हणाला. खडखड येत नव्हती. काहीच येत नव्हतं. गाडी पाण्यावरून नाव जावी तशी माधवनगरात शिरली. सहा पन्नास झाले होते. गेटपाशी चिटपाखरू नव्हतं. रस्त्यालाही कुणी नव्हतं. गाडी आल्याचं कुणाला कळलंच नव्हतं. मागच्या सीटवर कवलापूरची दोनच माणसं होती, आणि ती ऐसपैस बसली होती.

"लिटरला धा जाती, चाचा," आकाराम खिन्नपणे म्हणाला. "मोकळीच जाती."

त्यानं हॉर्न दाबला. कुणी बाहेर आलं नाही. हॉर्न सगळ्याच गाड्यांना असतो.

चांदसाहेबांनी काच खाली केली. घसा खाकरला, डोकं बाहेर काढलं, हात तोंडाशी नेला आणि आधी बारीक, मग जरा मोठ्यानं ओरडले, "सांगली... सांगली... सांगलीऽऽ!"

आवाज किनरा होता, आणि शेवटी फाटला.

एक दार उघडलं. हातात पिशवी घेऊन आक्काताई बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला डोळ्यांवर हात धरून बघत उभी राहिली.

"आगं बया! चांदभाई, तुमी व्हय? आवं, माजा जलम ह्या गल्लीत गेला, पर तुमचा आवाज आजच ऐकला!"

"बस, आक्का, बस," चांदसाहेब म्हणाले. "जागा हाय." आणि त्यांनी पुढच्या गल्लीसाठी श्वास भरून घेतला.